जुनं गोवं, अख्खा एक दिवस, बेळगावकडून : जाणकारांनी लिहा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून गोव्याला निघालेली गाडी सरळ किनाऱ्याला लागते. ओल्ड गोवा म्हणजे परतताना "दोन चर्च बघून घेऊया" एवढंच. त्या गावाला पूर्ण दिवस द्यायचा ठरवला तर वाट कुठली, क्रम कुठला, कुठे फसायला होतं, हे ज्यांना नीट ठाऊक आहे त्यांनी इथे लिहावं. सहलवर्णन नको, "लई भारी" तर अजिबात नको. वाटा, वेळा, आकडे आणि कारणं द्या, आणि उत्तराच्या वर आपली ओळख टाका (गाव, रस्ता, काहीही).

पहिली फसगत नावातच आहे, ती मीच सांगून टाकते. 'ओल्ड गोवा' आणि 'गोवा वेल्हा' ही दोन वेगळी गावं. वेल्हा म्हणजे पोर्तुगीजमध्ये जुनं, त्यामुळे दोन्हींचा अर्थ एकच, आणि मोबाइलवरचा नकाशा गोंधळात भर घालतो. गोवा वेल्हा जुवारीच्या बाजूला, पणजी-मडगाव रस्त्यावर. कदंब राजांचं गोपकपट्टण ते. आपल्याला हवं ते मांडवीच्या काठावरचं, आधी आदिलशाहीचं आणि 25 नोव्हेंबर 1510 पासून पोर्तुगीजांचं. नकाशात गावाचं नाव टाकू नका, 'बॉम जेझुस' (तिथलं मोठं चर्च) टाका.

जांबोटी रोड

चोर्ल्याची वाट धरा. बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी. सव्वाशे किलोमीटरच्या आत काम होतं, पण वेळ किलोमीटरवर मोजू नका. घाटाच्या अलीकडचा आपल्या बाजूचा पट्टा पावसाळ्यानंतर कसा असेल ते आदल्या आठवड्यात तिकडून आलेल्याला विचारूनच कळतं. तीन ते साडेतीन तास धरा. पहाटे साडेपाचला बेळगाव सोडलं तर नऊपर्यंत नदीकाठी.

साखळीनंतर बहुतेक जण पणजीकडे जातात आणि तिथून मागे ओल्ड गोव्याला येतात. उगाच वळसा. डिचोलीत शिरा, मयेवरून नार्वेला उतरा, फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा, बेट आडवं ओलांडा आणि दुसऱ्या फेरीने थेट जुन्या गोव्याच्या धक्क्यावर. दोन फेऱ्या, दोन्ही काही मिनिटांच्या. या शहरात नदीतूनच शिरायचं असतं. गव्हर्नर लिस्बनहून येऊन त्याच काठाला उतरायचे. रस्त्याने मागल्या दाराने शिरलं की चर्चं सुटी सुटी दिसतात, त्यांच्यामधलं शहर दिसत नाही.

दोन वेळा फेरी

वरच्यांचं बरोबर, पण फेरीचं गणित अर्धवट सांगितलंय. जुन्या गोव्याची फेरी साधारण अर्ध्या तासाने सुटते. बोट डोळ्यांदेखत गेली की अर्धा तास गेलाच. दोन फेऱ्या धरल्यावर वाईटात वाईट एक तास, तो सकाळच्या हिशोबात आधीच घाला. ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो, कमी उंचीच्या गाडीचा पुढचा बंपर घासतो. तिरपं न चढता सरळ, पहिल्या गिअरमध्ये, सावकाश. आत उभी केल्यावर हँडब्रेक आणि गिअर दोन्ही. दुचाकीवाल्याने साइड स्टँडवर सोडून कठड्याकडे जाऊ नये, धक्क्याला लागताना बोट चांगलीच हिसका देते. रॅम्पवरचं शेवाळ चपलेला अजिबात पकड देत नाही, म्हातारी माणसं बरोबर असतील तर हात धरून न्या.

हलशी

नार्वेला उतरणारच आहात तर सप्तकोटेश्वर दहा मिनिटांत उरकू नका, कमीत कमी पाऊण तास. गोव्याच्या कदंबांचं हे कुलदैवत. त्यांच्या नाण्यांवर सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख येतो. मूळ देऊळ पलीकडे दिवाडीवर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर लिंग नदीच्या अलीकडे, त्यांच्या हद्दीबाहेर आलं. आजचं देऊळ शिवाजी महाराजांच्या आज्ञेने 1668 मध्ये उभं राहिलं, दारावरचा शिलालेख वाचता येतो. जीर्णोद्धारानंतर 2023 च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुलं झालं. फेरीने पलीकडे गेल्यावर दिवाडीवर मूळ जागेची तळी आहे, कोनाडे असलेली, झाडीत दडलेली. पाटीवर विसंबू नका, विचारत जा.

खानापूरकरांनी हे आधी बघण्याचं कारण घरचंच आहे. आपली हलशी, म्हणजे जुनी पलाशिका, ही याच कदंबांची दुसरी राजधानी. भूवराह नरसिंहाचं देऊळ त्यांच्याच काळातलं. कित्तूरजवळ देगावचं कमलनारायण मंदिर कदंब राजा शिवचित्त पेरमाडीच्या राणीचं, कमलादेवीचं. एका रविवारी हलशी-देगाव आणि पुढच्या खेपेस नार्वे-गोवं केलं की घाटाच्या दोन्ही बाजू एकाच राज्याच्या होत्या हे डोळ्यांनी कळतं. (गोव्याच्या एस्टीला 'कदंबा' म्हणतात ते उगाच नव्हे.)

फोर्ट रोड

आता गावातला क्रम. तो उजेडावर ठरवा. से कॅथेड्रलचं तोंड पूर्वेला आहे, ते सकाळीच बघायचं. बॉम जेझुसचं पश्चिमेला, तिथे दुपारी तीननंतर ऊन येतं आणि तांबडा दगड पेटल्यासारखा दिसतो. बहुतेक सहली नेमकं उलट करतात, कारण गाड्यांचा तळ बॉम जेझुसजवळ आहे.

फेरीतून उतरलं की समोर व्हाइसरॉयची कमान. 1599 ची, वास्को द गामाच्या पणतवाने उभारलेली. 1954 मध्ये नव्याने बांधली. नदीच्या बाजूला वास्को द गामाचा पुतळा. आरपार जाऊन मागे वळा. शहराच्या बाजूला एका बाईची मूर्ती आहे आणि तिच्या पायाखाली आडवा पडलेला माणूस. शहर कुणाकडून घेतलं ते पोर्तुगीजांनी दगडात सांगून ठेवलंय, पण मागे वळून बघत नाही कुणी.

वर चढून आलं की सेंट काजेतान चर्च. घुमट रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवर, आणि घुमटाखाली झाकलेली विहीर आहे. आवारातच एक सुटी दगडी चौकट उभी दिसते, ते आदिलशाही वाड्याचं दार. त्या वाड्यातलं एवढंच उरलं. गेल्यागेल्या लोक तिला चर्चचा भाग समजतात. काळा कोरीव दगड आणि भोवतीचा जांभा यातला फरक बघा, लगेच कळतं.

मग से कॅथेड्रल. बांधकाम 1562 ला सुरू, इमारत 1619 ला पुरी. दोनपैकी एक मनोरा 1776 मध्ये कोसळला, म्हणून दर्शनी बाजू एका खांद्याने उतरलेली वाटते. उरलेल्या मनोऱ्यातली मोठी घंटा ती 'सोन्याची घंटा'. शेजारीच सेंट फ्रान्सिस असिसी आणि पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. संग्रहालय शुक्रवारी बंद, त्यामुळे शुक्रवार टाळा. वर गव्हर्नरांच्या तसबिरी आहेत, पण वेळ कमी असेल तर खालच्या कदंबकालीन मूर्ती आणि वीरगळ सोडू नका, तसबिरी सुटल्या तरी चालेल. संग्रहालयाला तास, से कॅथेड्रलला पाऊण तास. सेंट कॅथरीनचं छोटं चॅपल मागच्या बाजूला, पाच मिनिटांचं. तेही बघायचं कारण 1510 च्या विजयाची खूण म्हणून ते बांधलं.

दुपारी जेवण. मग बॉम जेझुस: काम 1594 ला सुरू, 1605 ला खुलं. रविवारी सकाळी मिस्सा (चर्चमधल्या प्रार्थना) असतात, साडेदहाच्या आत पोचून बघायला मिळत नाही. सेंट झेवियरचं शव असलेली चांदीची पेटी उजवीकडच्या चॅपलमध्ये, चांगली उंचावर आहे. खालून नक्षी दिसत नाही, छोटी दुर्बीण असेल तर घ्या. संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ड्यूकने पाठवला, फ्लॉरेन्सच्या फोजिनीने घडवला, 1698 मध्ये बसवला. चांदीचं काम मात्र गोव्याच्या सोनारांचं. शव खाली उतरवून दर्शनाला ठेवतात ते दहा वर्षांतून एकदा, मागचं 2024-25 ला झालं. कुणी "आत जवळून दाखवतो" म्हणालं तर ऐकू नका.

चिरेखाणीचा अनुभव असलेला, चंदगड रस्ता

बॉम जेझुसच्या भिंतींबद्दल. तांबडा दगड मुळात उघडा नव्हता. जांभ्याचं चिरेबंदी काम आणि वर चुन्याचा गिलावा, हीच इथली रीत. से कॅथेड्रल पांढरं दिसतं ते त्यामुळे. बॉम जेझुसचा गिलावा 1950 च्या दशकात काढला, जुनेपणा दिसावा म्हणून. जांभा हवेला लागल्यावर वरून टणक होतो हे खरं, पण आत तो चाळणी. गोव्याच्या पावसात उघडा चिरा पाणी पितो, उन्हाळ्यात सुकतो, आणि कडा भुगा होऊन सुटतात. आपल्याकडे उघड्या जांभ्याच्या कुंपणाला जे होतं तेच इथे होतंय. जवळ जाऊन बघा: खालचे थर आणि खिडक्यांखालचे चिरे जास्त झिजलेत, कारण पाणी तिथे रेंगाळतं. कोरीव भाग मात्र काळ्या दगडाचे, वसईहून आणलेले, त्यांना फारसं काही झालेलं नाही. पुन्हा गिलावा करावा की नाही यावर वाद चालू आहे. माझं मत करावा. तांबडा रंग फोटोला बरा, भिंतीला नाही.

हेच सेंट ऑगस्टीनला शेवटापर्यंत गेलेलं दिसतं. बॉम जेझुसपासून चढावर दहा मिनिटं. 1602 च्या चर्चचा एकच मनोरा उरलाय, साधारण 46 मीटर. कारण युद्ध नाही, दुर्लक्ष. 1835 मध्ये मठ रिकामा झाला, 1842 मध्ये छताची कमान कोसळली, 1931 मध्ये दर्शनी भिंत पडली. छप्पर गेलं की जांभ्याची इमारत किती दिवस टिकते याचं गणितच आहे ते. इथली घंटा आता पणजीच्या मोठ्या चर्चमध्ये वाजते. जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी याच अवशेषांत मिळाल्या आणि 2021 मध्ये भारताने जॉर्जियाला दिल्या. जमिनीवर कबरींचे दगड आहेत, बघून पाय टाका. मनोऱ्याच्या अगदी बुडाशी उभं राहू नका.

बसने जाणाऱ्यांसाठी, खानापूर

गाडी नसेल तर चोर्ल्याची बस पणजीला सोडते. तिथून ओल्ड गोवा दहा किलोमीटर मागे, पोंड्याच्या कुठल्याही बसने अर्धा तास. त्यापेक्षा रामनगर-अनमोड-मोले-पोंडा मार्गाची बस पकडा, ती ओल्ड गोव्यावरूनच पणजीला जाते. मात्र गाव आता बाहेरच्या रस्त्याने टाळता येतं, म्हणून चढतानाच कंडक्टरला "ओल्ड गोवा, गांधी सर्कलला थांबणार का?" विचारा. रेल्वेचं करमळी स्टेशन गावाजवळ आहे खरं, पण ते कोकण रेल्वेचं. आपली लोंढ्याची गाडी कुळेवरून मडगावला जाते, एका दिवसाच्या कामाची नाही.

शहापूर

कपडे: खांदे आणि गुडघे झाकलेले. पाणी माणशी दोन लिटर, ऑक्टोबरात सुद्धा; चर्चांमधल्या मोकळ्या मैदानांना सावली नाही. जेवण चर्चांच्या समोर महाग आणि बेताचं. रायबंदरकडे किंवा माशेलला शीतकडी (भात आणि माशाची कडी) बरी मिळते. सोमवार-गुरुवार पाळणाऱ्यांनी भाकरी-चटणी घरून न्यावी.

3 डिसेंबरला सायबाचं, म्हणजे सेंट झेवियरचं फेस्त (सण), त्याआधी 24 नोव्हेंबरपासून नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना). त्या दहा दिवसांत बघायला म्हणून जाऊ नका. रस्ते बंद, आत रांगा. आपल्या भागातून चालत जाणारे यात्रेकरूही असतात, रात्री घाटात गाडी जपून.

जांबोटी रोड (परतीचं राहिलं होतं)

परतताना फेरी नको, अंधार होतो. ओल्ड गोवा, बाणस्तारी, माशेल, खांडोळा, आमोण्याचा पूल, साखळी. पाच वाजता निघालात तरच केरीचा घाट उजेडात चढतो. वर अंजुणे धरण उजवी-डावीकडे दिसत राहतं, थांबायचं तर रुंद वळणावरच. जून ते सप्टेंबर धुक्यात पिवळा दिवा लागतो, हायबीम लावलात तर समोर पांढरी भिंत. पेट्रोल साखळीत भरा, पलीकडे महाग. आणि बाटल्या डिकीत टाकून चेकपोस्टवर वाद घालू नका, परवान्याशिवाय कर्नाटकात आणणं गुन्हाच आहे.

फोर्ट रोड

@शहापूर, एक राहिलं. हातकातरो खांब विसरू नका, रहदारीत उभा असलेला काळा दगडी खांब. पोर्तुगीजांच्या शिक्षेची जागा म्हणून दाखवतात. खांब स्वतः देवळाचा वाटतो, कोरीव काम बघा म्हणजे कळेल. गाडी थांबवायला जागा नाही, चालतच जा.