अनुभव धागा : भूगोलाची क्षेत्रभेट आणि माणसाने बदललेली जमीन

काल लेकीच्या शाळेतून क्षेत्रभेटीचं संमतीपत्र आलं. विषय 'भूमी उपयोजन'. सही करता करता माझी आठवीतली भेट आठवली. बाईंनी १:५०,००० चा जुना स्थलनिर्देशक नकाशा आणला होता. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर, हे आदल्या दिवशी पक्कं करून घेतलेलं. नकाशात समोच्च रेषांची (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची) एकात एक कडी, म्हणजे टेकडी. पोचलो तर समोर खाणीचा खोल खड्डा, तळाला हिरवट पाणी. आम्हाला वाटलं, वाट चुकली. बाईंनी होकायंत्र लावलं, ओढ्याचं वळण जुळवून दाखवलं. जागा तीच होती. म्हणाल्या, "टेकडीची खडी झाली. आपण आलो त्या रस्त्याखाली असेल थोडी." परतताना बसमध्ये कुणी गाणी म्हटली नाहीत.
तुमच्या भेटींबद्दल लिहा ना.

पाणवठा
आम्हाला धरणावर नेलेलं. सर भिंतीपाशी पाचच मिनिटं थांबले, मग थेट काठावर. उन्हाळा होता, पाणी खूप खाली गेलेलं, गाळाला हात जाईल एवढ्या भेगा. हा गाळ नदी खाली त्रिभुज प्रदेशापर्यंत नेते, तो इथे अडला की धरणाची साठवण घटते आणि तिकडे किनाऱ्याला माती पुरत नाही, हे तिथे उभं राहून ऐकलं ते कायमचं लक्षात राहिलं. बुडालेल्या गावाची जोती उघडी पडली होती. वर्गातल्या एकीची आजी त्याच गावची. ती एका जोत्यावर जाऊन बसली, उठेचना.

सायसाखळी
बापरे. पोटात कालवलं वाचून. ती मैत्रीण आहे का संपर्कात?

पाणवठा
हो गं, आहे. तिथला विटेचा तुकडा अजून जपलाय तिने.

ओलीमाती
कपडे वाळत घालता घालता लिहितेय. आमची भेट शाळेमागच्या उतारावरच! एका भागात समतल बांध, म्हणजे उताराला आडवे घातलेले मातीचे बांध, दुसरा उघडा. दोन्हीकडे सारख्या बादल्या ओतल्या आणि खाली आलेलं पाणी बरण्यांत धरलं. उघड्या उताराचं पाणी गढूळ, बरणीत बोटभर माती बसली. बांधाकडून पाणी आलं तेच जेमतेम, बरंचसं मुरलं. तेवढी माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात म्हणे. बरणी वर्षभर वर्गात होती, कुणी हलवू द्यायचं नाही.

दिशादर्शक
आमची क्षेत्रभेट दरवर्षी रद्द व्हायची, वाईट वाटायचं फार. पण पुस्तकातला नेदरलँड नोकरीमुळे प्रत्यक्ष पाहिला. १९३२ चा आफस्लाउटडाइक, ३२ किमीचा बांध, एका बाजूला समुद्र आणि दुसरीकडे गोडं सरोवर! फ्लेवोलँड प्रांत तर जवळजवळ सगळाच समुद्राकडून मिळवलेला. रस्त्याने चालताना शेजारच्या कालव्याचं पाणी माझ्या डोक्याच्या वर होतं.

सायसाखळी
आणि उलट अरल समुद्र. कापसासाठी आमू दर्या, सिर दर्या या नद्यांचं पाणी वळवलं आणि १९६० नंतर समुद्रच आटत गेला. मुलाला नकाशे शेजारी ठेवून दाखवले तर विचारतो, मासे कुठे गेले?

ओलीमाती
काय उत्तर दिलंस?

सायसाखळी
पाणी खारट होत गेलं, मेले, असं खरं तेच सांगितलं. रात्री पुन्हा विचारत होता.

धागाकर्ती
किती छान लिहिताय सगळे. लेकीचं ठिकाण कळलं, नव्या रस्त्यासाठी कापलेला डोंगर. तिला काय काय बघायला सांगू? शुक्रवारी निघतायत.

पाणवठा
वर गडद माती, खाली मुरूम, मग फुटका खडक, मग अखंड. झाडाची मुळं कुठवर पोचलीत ते मोजायला सांग. पाणी झिरपतंय का, कुठल्या थरातून, तेही. आणि कापलेल्या कडेच्या अगदी खाली उभं राहू देऊ नका, दगड सुटतात.