नवरा पीत होता, मग अल-अनॉनला मी कशाला जायचं?

कोरेगावची:
नवरा व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच घरी आलाय. सध्या पीत नाही. तिथल्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या, तुम्ही अल-अनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या गटाच्या, मीटिंगला जा. सासूबाई म्हणतात, घरातलं चारचौघांत कशाला? मलाही कळत नाही, दारू त्याची, आता सुटलीय, मी काय बोलणार? कुणी ओळखीचं निघालं तर? फी किती? मुलगा नववीत आहे, बापाशी बोलत नाही.

जाईजुई:
ताई, फी नाही. डबा फिरतो, जमेल ते टाकायचं. आडनाव विचारत नाहीत. ओळखीची बाई निघालीच, तर तीही त्याच दुखण्यापायी आलेली असते. मी स्वतः शेजारच्या तालुक्याला एसटीने जाते, गावात नको म्हणून.

दारू सुटलीय म्हणता, म्हणून सांगते. एए, म्हणजे दारू सोडणाऱ्यांचे गट (अल्कोहोलिक्स अनॉनिमस), सुरू करणाऱ्यांपैकी एक बिल विल्सन. त्यांची दारू सुटल्यावर एकदा बायकोने, लोइसने, रागाने बूट भिरकावला, 'तुझ्या मीटिंगा गेल्या खड्ड्यात' म्हणून. तिचा राग, तिची झोपमोड कुणी बघितलीच नव्हती. तिनेच पुढे 1951 मध्ये एका मैत्रिणीला सोबत घेऊन अल-अनॉन उभं केलं.

पहिल्यांदा काही बोलू नका, नुसतं ऐका. मी गेले तेव्हा एक बाई सांगत होत्या, गेट वाजलं की पावलांवरून ओळखायचं किती घेतलीय, मग पोरांना आत पाठवायचं. माझंच घर! नवऱ्याच्या साहेबांना 'ताप आलाय' म्हणून फोन करणं, टपरीची उधारी भागवणं, सगळ्याजणी तेच करत होत्या. तिथे कळलं, दारू माझ्यामुळे लागली नाही आणि माझ्याने सुटणारही नाही. 'तू नीट वागली असतीस तर' हे वर्षानुवर्षं ऐकलेल्या बाईला हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं. आमचे अजून मधूनच पितात. फोन मात्र आता मी करत नाही.

वाघोलीकर:
मी एएमधला. बायको जायला लागली तेव्हा वाटलं, माझ्या चहाड्या सांगते. तसं नसतं, तिथलं तिथेच राहतं. मुलासाठी अलाटीन, म्हणजे अल-अनॉनचाच किशोरवयीन मुलांचा गट आहे, जवळ गट आहे का विचारा. पुण्याला येणं जमत असेल तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी सहचरी गट आहे.

कोरेगावची:
एकदा जाऊन आवडलं नाही तर?

जाईजुई:
निदान सहा मीटिंगा करा, मग ठरवा, असं तेच सांगतात. नवऱ्याला सोडा की नांदा, हे तिथे कुणी सांगत नाही. पण हात उगारत असेल तर मीटिंगची वाट बघू नका, 181 ला, महिला हेल्पलाइनला, फोन लावा.