कांद्याची बोली, नकळत पूर्वग्रह आणि मेंदूचं सिम्युलेशन: तुमचं मत काय?

गोदाकाठ:
कांद्याचा लिलाव आपण नाशिककरांनी पाहिलेलाच आहे. वक्कल (विक्रीला आलेला मालाचा गट) बघितलं, चार कांदे हातात फिरवले की बोली सुटली. समजा, अमुक गावचा माल ओला निघतो असं एखाद्या व्यापाऱ्याच्या डोक्यात बसलंय. त्याला विचारा, तो म्हणेल मी फक्त कांदा बघतो. खोटं बोलत नसेलही! इथेच सिम्युलेशन, म्हणजे मेंदू कसा ठरवतो याची संगणकावरची नक्कल, कामाला येतं.

मानसशास्त्रज्ञ रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या ड्रिफ्ट डिफ्युजन मॉडेलनुसार मेंदू पुरावा थोडा थोडा साठवतो आणि एका मर्यादेला पोचला की ठरवतो. पूर्वग्रह दोन जागी शिरू शकतो. एकतर सुरुवातच एका बाजूला सरकलेली असते. असा पूर्वग्रह घाईत जास्त दिसतो, वेळ दिला की ओसरतो. नाहीतर पुरावाच वाकडा मोजला जातो, मग कितीही वेळ द्या. उत्तराला लागलेला वेळ आणि झालेल्या चुका यांवरून संगणकावर दोन्ही वेगळे काढता येतात.

अंबडचा फिटर:
हे गणित झालं, मेंदू कुठाय यात? सी. एलिगन्स या किड्यात ३०२ न्यूरॉन (चेतापेशी), जोडणीचा नकाशा १९८६ पासून हातात, तरी तो पुढे काय करेल हे पूर्ण सांगता येत नाही. माणसाचे तर सुमारे ८६०० कोटी. युरोपचा ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट २०१३ ते २०२३ चालला, अख्ख्या मेंदूचं सिम्युलेशन काही झालं नाही. शिवाय, ‘नकळत’ कसलं? भाव पाडणाऱ्याला सगळं कळत असतं.

गोदाकाठ:
मुद्दाम पाडणाऱ्यांना मी वाचवत नाहीये. पण न्यूरॉनच्या पातळीवरचं मॉडेलही आहे. मेंदूशास्त्रज्ञ शियाओ-जिंग वांग यांच्या २००२ च्या मॉडेलमध्ये न्यूरॉनचे दोन गट एकमेकांना दाबतात, जिंकेल त्याचा निर्णय. त्याच वर्षी अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जोशुआ कोरेल यांचा प्रयोग आला: पडद्यावरच्या माणसाच्या हातात बंदूक असेल तरच गोळी झाडायची. सशस्त्र माणूस कृष्णवर्णीय असला तर लोक लवकर झाडत. पुढे अशा प्रयोगांना ड्रिफ्ट डिफ्युजन मॉडेल लावल्यावर पुरावा मोजण्यातच फरक दिसला. म्हणजे नुसतं ‘सावकाश ठरवा’ सांगून भागत नाही.

पिंपळगावची सून:
द्राक्षाला मण्याचा आकार मोजतात, साखर मोजतात. कांद्याचं काय? गावाचं नाव झाकून लिलाव करून बघा की, सिम्युलेशन कशाला?

अंबडचा फिटर:
ताई, नाव झाकाल. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाचं तोंड कोण झाकणार?