मदत हवी आहे: एम.ए.चा लघुप्रबंध, विषय एम्प्रेस मिल. संशोधनाचा 'प्रश्न' कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. नागपुरात इतिहासात एम.ए. करतेय, शेवटचं वर्ष. घरात याआधी कुणी प्रबंध पाहिलेलाही नाही, म्हणून इथेच विचारते.

विषय ठरलाय: एम्प्रेस मिल, इथली जुनी कापड गिरणी. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं, त्यावरून नाव. गाईड मॅडम म्हणतात, "विषय कळला, पण प्रश्न कुठे आहे? एका वाक्यात लिहून आण, मग सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) बघू." ते एक वाक्यच अडलंय.

हाताशी रसेलचं १९०८ चं जिल्हा गॅझेटियर आहे, मिलच्या पेन्शन फंडावर (१८८६) आणि प्रॉव्हिडंट फंडावर (१९०१) थोडंफार वाचलंय. शिवाय आमच्या मोहल्ल्यात मिलमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. पगाराच्या चिठ्ठ्या किराण्याच्या पिशवीत जपून ठेवल्यात. हातात देत नाहीत, फोटो काढू देतात. लूम खात्याबद्दल (जिथे मागांवर कापड विणतात) म्हणाले, "कानाले काईच आयकू नाई ये, मंग आमी हातानंच बोलत जाओ." आणि खुर्चीतच हात करून दाखवले: धागा तुटला, जॉबर (मुकादम) आला, चहा.

हे प्रबंधात चालतं का? त्यांच्याच बोलीत लिहू की प्रमाण मराठीत? आणि पहिलं प्रकरण आधी लिहायचं असतं का? तिथेच गाडी फसून राहिली आहे.

प्रतिसाद १
ताई, काकांनी तुझा काळ ठरवून दिलाय. १९०१ चा कामगार आता भेटणार नाही, तेव्हा फंडांचा इतिहास पार्श्वभूमीच्या चार पानांत आटप. १९८६ मध्ये मिल टाटांकडून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ ला बंद पडली. मग वाक्य असं: 'मालक बदलल्यावर कामगाराच्या कामात, पगारात आणि घरात काय बदललं?' मॅडम यातही काटछाट करतील, करू दे.

मुलाखत बोलीतच उतरव, अर्थ तळटीपेत दे. तारीख, ठिकाण, काकांची संमती, सगळं नोंदव. नाव छापायचं की नाही ते त्यांनाच विचार. एका माणसावर प्रकरण उभं राहत नाही. वेगवेगळ्या खात्यांतली माणसं गाठ, बायकाही. आठवणीतली सालं हमखास सरकतात, ती चिठ्ठ्यांशी आणि १९८६ च्या 'हितवाद', 'तरुण भारत'च्या फायलींशी ताडून बघ. पुराभिलेख संचालनालयाचं नागपुरात कार्यालय आहे, मॅडमचं पत्र घेऊन जा.

प्रतिसाद २
प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहा. मुलाखतींचं प्रकरण आधी घ्या, माल तिथे आहे. रेकॉर्डिंग ऐकून उतरवायला वाटतं त्याच्या कितीतरी पट वेळ जातो, परीक्षेच्या तोंडावर ठेवू नका. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोत (संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर) टाका, पान क्रमांकासकट. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण अवतरणचिन्ह न घालता गॅझेटियर उतरवलं तर तेवढ्यावर भागणार नाही.

धागाकर्ती
आभार! वाक्य मॅडमना पाठवलं. त्यांचं उत्तर: "'घरात' म्हणजे नेमकं काय?" आता काकूंनाही भेटते. बायकांना मुलाखतीत बोलतं कसं करायचं, कुणाला अनुभव असेल तर सांगा. काका मधेच उत्तर देतात.