खिंडसी-रामटेक लूप, १३० किमी: कोणत्या दिशेने जायचं, आणि ११-२८ वर गड चढेल का?

धंतोली_पॅडल:
डिसेंबरातल्या रविवारी एकट्याने हा लूप करायचा आहे. नागपूर, कन्हान, मनसर, रामटेक, मग खिंडसी तलाव. परत रामटेकला येऊन नगरधनवरून मौदा आणि भंडारा रोडने घरी. नकाशावर १३० च्या आसपास भरतं. सपाटीवर १०० किमीची सवय आहे, चढाची नाही. रोड बाईक, पुढे ५०/३४ दातांची चक्रं, मागे ८ गिअरची ११-२८ दातांची कॅसेट (चक्रांचा संच), शॉर्ट केज डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, आखूड पट्टीचा). टायर २८ मिमी, हवा ९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). माझं, सायकलचं आणि पाण्याचं मिळून वजन ८५ किलो.
१) रामटेकच्या गडावर (मंदिराच्या टेकडीवर) सायकल चालवतच जायचं आहे. गिअर पुरेल?
२) आधी मनसर की आधी मौदा?
३) खिंडसीच्या मागच्या बाजूने तलावाला पूर्ण चक्कर मारता येईल का?

फ्रीव्हील:
पहिल्या प्रश्नाचा हिशोब मांडतो. ८ टक्के चढ धरू. ३४/२८ वर (पुढे ३४, मागे २८ दात) पायडल मिनिटाला ६० फिरवलं तर वेग साडेनऊच्या आत राहतो आणि ८५ किलोला साधारण १९५ वॉट लागतात. ३४/३४ असेल तर त्याच ६० फेऱ्यांत वेग पावणेआठवर येतो आणि काम १६० वॉटमध्ये होतं. ताज्या पायांना ३५ वॉटचा फरक जाणवणार नाही. पण गड लागतो तोवर ५० किमी झालेले असतात आणि पुढे ७५-८० बाकी असतात. १९५ वॉट झेपत नसतील तर फेऱ्या ४५ वर येतात, माणूस उभा राहून रेटतो आणि त्याची वसुली मौद्याच्या पुढे मांड्या करतात.

म्हणून ११-३४ बसवा. पण नुसती कॅसेट बदलून भागत नाही. शॉर्ट केज बहुतेक २८ पर्यंतच असतं; ३४ दातांवर डिरेलरचं वरचं छोटं चाक कॅसेटला घासतं. लाँग केज डिरेलर घ्या, आणि साखळी नवीनच टाका. जुनी दोन-चार कड्यांनी आखूड पडते. मापाची पद्धत अशी: साखळी डिरेलरमधून न ओवता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावर थेट गुंडाळायची, टोकं जुळतात तिथून दोन कड्या जास्त ठेवून तोडायची. हे चुकलं आणि चढावर घाईत मोठ्या-मोठ्यावर गिअर पडला, तर डिरेलर हँगरसकट (फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्यासकट) उपटून निघतो. मग रामटेकहून टेम्पोच शोधा.

बसवल्यावर डिरेलरचा बी-स्क्रू (फट कमी-जास्त करणारा) फिरवून वरचं चाक आणि ३४ दातांचं चक्र यांत ५-६ मिमी फट ठेवा. ‘एल’चा स्क्रूही (साखळीला मोठ्या चक्राच्या पुढे जाऊ न देणारा) तपासा, तो सैल असेल तर साखळी थेट आऱ्यांत जाते. हे सगळं जायच्या आदल्या रात्री करू नका. गिअरची नवी केबल पहिल्या ५०-६० किमीत थोडी सैलावते, तेवढी चालवून पुन्हा ताणून घ्यावी लागते.

कामठी_रोडवाला:
दिशेबद्दल माझं ठाम मत: आधी मौदा. आपण डावीकडून चालतो. घड्याळाच्या उलट्या दिशेने गेलात तर मोठी वळणं सगळी डावीकडची. भंडारा रोडवरून मौद्याला डावीकडे, रामटेकहून मनसरला येऊन हायवेला लागताना पुन्हा डावीकडे. भरधाव वाहतूक कापून उजवीकडे जायचा प्रसंगच नाही. आधी मनसर केलंत तर तिथे चौपदरी हायवे सोडून उजवीकडे रामटेककडे वळावं लागतं. शिवाय हिवाळ्यात वारा उत्तर-ईशान्येचा. जाताना समोरून खाल्ला तर येताना मनसर-कन्हान पट्ट्यात पाठीवर मिळतो.

चाक_आणि_चणा:
भाऊ, वळणांचं पटलं, पण सूर्य विसरलात. डिसेंबरात पावणेसातच्या आसपास उजाडतं आणि साडेआठपर्यंत ऊन आडवं असतं. भंडारा रोडने पूर्वेकडे जाताना ते ऊन तुमच्या डोळ्यांत येतं तसंच मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही येतं. काचेवर धूळ असेल तर त्याला पुढची सायकल दिसतच नाही. पारडी, कापसी पट्ट्यात गोदामांमुळे जड वाहनं भरपूर. त्यापुढे कन्हानच्या काठी आणि धानाच्या बांध्यांवर सकाळी धुकं. मी तरी आधी मनसरच सांगेन. उत्तरेकडे जाताना ऊन उजव्या अंगाला राहतं, आणि भंडारा रोडवर पश्चिमेकडे परतताना दुपार झालेली असते, सूर्य डोक्यावर.

मनसरच्या वळणाला उपाय आहे: फाट्याच्या आधीच सर्व्हिस रोडला लागा, सायकलवरून उतरा आणि पायी रस्ता ओलांडा. दोन मिनिटं जातात. कन्हान-टेकाडीजवळ कोळशाचे ट्रक आणि मनसरला मँगनीजचे, त्यामुळे कडेला खडी सांडलेली असते. टायरच्या फाटक्या तुकड्यांतल्या बारीक तारा तर सगळ्यात वाईट, डोळ्यांना दिसत नाहीत. पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे अर्धा हात जागा ठेवून चाला, अगदी काठाला चिकटू नका.

कामठी_रोडवाला:
उन्हाचा मुद्दा मान्य. मग अट एवढीच: उजाडायच्या आत निघून भंडारा रोडवर जाऊ नये. पावसाळ्यात मात्र मी आधी मौदाच करीन, ढगांत ऊन नसतं.

पांदण_नको:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: तुमच्या सायकलवर नाही. नकाशात तलावाच्या मागे ज्या बारीक रेषा दिसतात त्यांना रस्ता समजू नका, त्यांतल्या बऱ्याच पांदणी असतात. धान निघाल्यावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात आणि २८ चं टायर त्यात अडकलं की हँडल वळतच नाही. शेतकरी वाटेवर बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालतात, ते वेगळंच. आजूबाजूला जंगल आहे, दिवस कलताना एकट्याने तिकडे राहू नये. तलावाच्या पाळीपर्यंत (बांधापर्यंत) जा, पाणी बघा, परत या. पूर्ण चक्कर मारायचीच तर ४० मिमीच्या वरचं टायर, दोन माणसं आणि वेगळा दिवस.

हवा ९० ही जास्त आहे. ८५ किलोला २८ वर पुढे ६५, मागे ७२ पुरे. ९० वर सायकल खडबडीत डांबरावर उडते, वेग वाढत नाही. ‘उन्हात हवा वाढून ट्यूब फुटते’ हे अर्धवट खरं आहे. २५ अंशाचं टायर ५५ अंशाला गेलं तर ७० पीएसआयचे साधारण ७८ होतात, एवढ्याने चांगलं टायर फुटत नाही. फुटतं ते रिमटेप (रिमच्या आतली भोकं झाकणारी पट्टी) सरकून ट्यूब आऱ्याच्या भोकात शिरते म्हणून, किंवा टायर बसवताना ट्यूब काठाखाली चिमटली जाते म्हणून.

सोबत दोन ट्यूब, सहा पॅच, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पंप आणि एक बारीक चिमटा. पंक्चर झालं की नवीन ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा किंवा तार आहे. हे न करता ट्यूब बदलली तर दोन किमीवर दुसरी जाते.

धंतोली_पॅडल:
ठरलं, आधी मनसर. कॅसेट, डिरेलर, साखळी तिन्ही बदलतो. पाणी किती घेऊ? आणि गड उतरताना काही वेगळं?

चाक_आणि_चणा:
थंडीत तासाला अर्धा लिटर, अकरानंतर पाऊण. ७५० च्या दोन बाटल्या, रामटेकला पुन्हा भरा, मौद्याला पुन्हा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरचं असतं. ७५० च्या बाटलीत पूर्ण ओतलं तर घट्ट होऊन पोटात ढवळतं, पाऊण पाकीट टाका. खाणं तासाला ४०-५० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे दोन केळी. तर्री-पोहे गडाच्या आधी नकोत, चढावर तेल वर येतं. उतरल्यावर खुशाल खा.

गडावर केळी बॅगेत उघडी ठेवून सायकल सोडू नका. माकडं बॅगेची चेनसुद्धा उघडतात.

फ्रीव्हील:
रिम ब्रेक असतील तर उतारावर सतत दाबून धरू नका, रिम तापतो. वळणाच्या आधी दोन्ही जोरात दाबून वेग पाडा, मग सोडा. वर जायच्या आधी ब्रेकच्या रबरात अडकलेले खडे टोकाने काढून टाका, ते रिम खरवडतात. आणि नगरधनहून मौद्याला येताना हावडा रेल्वेमार्ग लागतो. फाटकातून गेलात तर रूळ काटकोनातच ओलांडा. दव पडलेल्या रुळावर २८ चं टायर तिरपं गेलं की सायकल खालून निसटते.