किती बंदुका विकल्या की माणूस दुकानदार ठरतो?

टेक्ससकर
आमचा शेजारी सत्तरीचा आहे. त्याचे वडील गेले आणि मागे एकवीस बंदुका ठेवून गेले. परवा गॅरेजमध्ये सगळ्या मांडून बसला होता. मला म्हणाला, "तू कागदपत्रांतला माणूस, सांग, या विकायला लायसन्स लागेल का?"

वाचायला बसलो आणि डोकं गरगरलं. अमेरिकेत 1968 पासून बंदुकांचा धंदा करणाऱ्याला केंद्रीय परवाना लागतो. धंदा कशाला म्हणायचं ते 1986 मध्ये सांगितलं: पुन्हा पुन्हा घ्यायच्या, विकायच्या आणि त्यामागे मुख्य हेतू उपजीविका व नफा हा. छंद, स्वतःचा संग्रह, अधूनमधून केलेली विक्री यांना सूट. 2022 मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्यातली उपजीविका काढली. आता प्रामुख्याने नफ्याचा हेतू असला तरी पुरतं. आकडा कुठेच नाही! एक विकून अडकाल, पन्नास विकून सुटाल. अडकलात तर पाच वर्षांपर्यंत कैद, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड.

माझं म्हणणं सरळ आहे. आकडा ठरवा. वर्षाला पाच म्हणा, दहा म्हणा, पण माणसाला आधी कळू दे.

गावठी_वकील
शेजाऱ्याला सांगा, निवांत झोपा. वारशाने आलेलं विकणं म्हणजे धंदा नव्हे. फक्त घेणारा त्याच राज्यातला हवा. दुसऱ्या राज्यातला असेल तर व्यवहार परवानाधारक दुकानदारामार्फतच. आणि ज्याला बंदूक बाळगायला बंदी आहे असं वाटण्यासारखं काही दिसतंय, त्याला विकायची नाही. (आपल्या एच-वन-बीवाल्या मंडळींनी इथे कान टवकारावेत. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तुम्ही त्या यादीत आहात.)

आता आकड्याचं. दहा ठरवलेत तर प्रत्येक जण नऊ विकेल. उरलेल्या नऊ बायकोच्या नावावर, पुढच्या नऊ मेव्हण्याच्या. सातबारा उताऱ्यांचं काय होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

शिवाय भोळ्या माणसासाठी कायद्यात दार आहेच: शिक्षेसाठी गुन्हा जाणूनबुजून केलेला असावा लागतो. 1998 च्या ब्रायन खटल्यातला गडी दुसऱ्यांच्या नावावर ओहायोत पिस्तुलं घ्यायचा, नंबर घासून काढायचा आणि ब्रुकलिनच्या रस्त्यांवर विकायचा. परवान्याचा नियम मला ठाऊकच नव्हता, ही पळवाट त्याला हवी होती. सुप्रीम कोर्ट म्हणालं, आपण करतोय ते बेकायदा आहे एवढं कळत होतं ना? मग बस.

डेन्व्हरची_मुक्ता
तुम्ही सगळे विकणाऱ्याच्या काळजीत. 31 ऑगस्ट 2019, मिडलंड आणि ओडेसा, तुमचंच टेक्सस. गोळीबारात सात माणसं गेली. मारेकरी 2014 मध्ये दुकानात गेला होता, तेव्हा पार्श्वभूमीच्या तपासणीत नापास झाला. मग त्याने एका खाजगी माणसाकडून रायफल घेतली. तपासणी नाही, फॉर्म नाही. विकणाऱ्याला पुढे विनापरवाना धंद्यासाठी दोन वर्षांची शिक्षा झाली, पण सातजण गेल्यावर.

केंद्रीय कायद्यात तपासणीचं बंधन परवानाधारकावर आहे, खाजगी विक्रेत्यावर नाही. म्हणून ही व्याख्या जितकी सैल, तितकं भोक मोठं. आमच्या कोलोरॅडोत 2013 पासून थोडे अपवाद सोडले तर खाजगी विक्रीही दुकानदारामार्फत तपासणी करूनच होते. काही आभाळ कोसळलं नाही.

सातारकर
आभाळ कोसळलं ते आर्कान्सातल्या लिटल रॉकच्या विमानतळाच्या प्रमुखावर. मार्च 2024, केंद्राच्या अधिकाऱ्यांनी उजाडायच्या आत दार फोडलं, गोळीबार झाला, माणूस गेला. आरोप काय, तर दीडशेच्या वर बंदुका घेऊन प्रदर्शनांत विनापरवाना विकल्या. त्याने आधी गोळी झाडली असं सरकारी वकील म्हणतात, असेल. पण आधी एक पत्र पाठवायला काय धाड भरली होती?

आणि एक जुनी गंमत ऐका. नव्वदीच्या सुरुवातीला पावणेतीन लाखांहून जास्त परवाने होते. घरच्या टेबलावर धंदा करणारे फार झाले म्हणून सरकारनेच ओरड केली. वर्षाला दहा डॉलर असलेली फी तीन वर्षांना दोनशे केली, 1994 मध्ये स्थानिक नियम पाळायची अट घातली. घरात दुकान चालणार नाही असं नगरपालिका म्हणाली की संपलं. दशक संपेपर्यंत परवाने लाखाच्या आसपास आले. आधी तुम्हीच त्यांना हाकललंत, आता विचारता परवाना का नाही?

डेन्व्हरची_मुक्ता
ज्यांना हाकललं त्यांनी धंदा सोडायचा होता. परवाना गेला आणि धंदा राहिला, हाच तर गुन्हा आहे. दीडशे बंदुका ठेवायला माणूस काय लोणचं घालतो का त्यांचं?

निवृत्त_तहसीलदार
आपल्याकडे भारतात स्वतःचं हत्यार विकायला दुकानदाराचा परवाना लागत नाही, हे वाचून तरुणांना आश्चर्य वाटेल. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 5 पाहा. जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं, 45 दिवस थांबायचं, मग विकायचं. फरक एवढाच की घेणाऱ्याकडेही परवाना असतो, आणि 2019 पासून माणशी दोनच हत्यारं. त्यामुळे 'किती विकल्यावर दुकानदार' हा प्रश्नच उपटत नाही.

सातारकर
आणि गावठी कट्टेवाला 45 दिवस आधी कुठल्या ठाण्याला कळवतो, काका?

गावठी_वकील
आकडा नको, खुणा हव्यात. केंद्र सरकारने व्याख्या स्पष्ट करायला काढलेल्या 2024 च्या नियमात त्या होत्या: घेतल्यापासून तीस दिवसांत वारंवार विकणं, कोऱ्या खोक्यातला माल वारंवार विकणं. टेक्सससह चार राज्यांत कोर्टाने तो रोखला, फेब्रुवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी बंदुकांच्या नियमांच्या फेरतपासणीचा आदेश काढला. पण 2022 ची व्याख्या हा काँग्रेसचा कायदा आहे. ती नुसत्या आदेशाने पुसता येत नाही.

टेक्ससकर
शेजाऱ्याला सगळं समजावलं. खूश झाला. वडिलांच्या सहा बंदुका विकल्याही. काल संध्याकाळी ट्रकमधून तीन कोरी खोकी उतरवताना दिसला. म्हटलं, हे काय? म्हणाला, "आलेल्या पैशातून घेतली. पुढच्या महिन्यातल्या गन शोला दीडपट भाव येईल."

वकीलसाहेब, आता काय सांगू?