लांब शब्द म्हणजे मोठा वार, एवढंच का? शब्दकोडं आणि आरपीजी एकत्र असलेले गेम्स

काना_मात्रा:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी विचारतेय. शब्दकोडं आणि फॅण्टसी आरपीजी (म्हणजे रोल-प्लेइंग गेम, एखादं पात्र घेऊन लढत लढत त्याची ताकद वाढवायची) एकत्र असलेले गेम इथे कोण कोण खेळतं?

मी बुकवर्म अ‍ॅडव्हेंचर्स परत खेळायला घेतलाय, पॉपकॅप कंपनीचा २००६ चा तो. ज्यांनी नाही खेळला त्यांच्यासाठी थोडक्यात, लेक्स नावाचा एक हिरवा पुस्तकी किडा असतो, समोर १६ अक्षरांच्या फरशा असतात, त्यातून इंग्रजी शब्द बनवायचा की लेक्स समोरच्या राक्षसावर हल्ला करतो, शब्द जितका लांब आणि अक्षरं जितकी दुर्मिळ तितका वार जोरात. मग राक्षसाची पाळी. आधी ग्रीक पुराणातले राक्षस येतात, मग अरबी गोष्टींमधले, मग भुताखेतांचे. लेव्हल वाढते, जीव वाढतो, खजिने मिळतात, म्हणजे सगळं आरपीजीसारखंच पण तलवारीच्या जागी शब्द. मला ही कल्पना अजूनही तितकीच आवडते जितकी पहिल्यांदा आवडली होती.

पण या वेळी एक गोष्ट खुपायला लागली. थोडं पुढे गेल्यावर मी शब्द शोधतच नाही, मी शेपटं शोधते. आय-एन-जी ही तीन अक्षरं आली की ती जपून ठेवायची, एस जपून ठेवायचा, ई-डी जपून ठेवायचं, आणि मग कुठल्याही क्रियापदाला चिकटवून द्यायचं. बहुतेक वेळा मी काय लिहिलं याला काही अर्थच नसतो. समोर आगीचा राक्षस असताना मी पाणी लिहिलं काय आणि खुर्ची लिहिलं काय, अक्षरं तेवढीच तर वार तेवढाच. शब्दांचा गेम आहे आणि शब्दाच्या अर्थाला किंमत नाही हे मला आत कुठेतरी पटत नाही.

तर प्रश्न असा, असा कुठला गेम आहे का जिथे लांबीच्या पलीकडे शब्दाला महत्त्व आहे? आणि हे असंच का बनवतात, काही कारण आहे का?

रात्रपाळी:

अगदी आवडता विषय काढलात! पण मी थोडी त्या गेमची बाजू घेणार.

लांब शब्द शोधणं हा त्यातला अर्धाच भाग आहे असं मला वाटतं, उरलेला अर्धा म्हणजे तुम्ही मागे काय सोडताय. त्याआधीचा साधा बुकवर्म होता त्यात अक्षरं एकमेकांना चिकटलेली असावी लागायची, यात तशी अट नाही, १६ मधली कुठलीही उचला, त्यामुळे शब्द काढणं सोपं झालं पण त्या बदल्यात उरलेला ढीग हीच तुमची पुढची पाळी. सगळे स्वर एका मोठ्या शब्दात उडवले की पुढच्या वेळी समोर नुसती व्यंजनं येऊ शकतात आणि मग सगळ्या फरशा बदलून घ्यायला लागतात, आणि बदलल्या की तुमची पाळी गेली, राक्षस फुकटात मारून जातो. त्यात राक्षस तुमच्या फरशाही खराब करतात, कुलूप लावतात म्हणजे ती फरशी वापरता येत नाही, रोग लावतात म्हणजे त्या फरशीचा वारात काही उपयोग नाही आणि तो रोग शेजारी पसरतो. अशा वेळी मी मुद्दाम छोटा शब्द करतो, फक्त त्या रोगट फरशा काढून टाकायला. तो छोटा शब्द सुचला ना की मला सात अक्षरांच्या शब्दापेक्षा जास्त आनंद होतो, खरंच.

शिवाय खजिने नीट निवडले तर शोधायची पद्धतच बदलते. झिक्सचं धनुष्य घेतलं की एक्स, वाय, झेड ही अक्षरं भारी होतात, मग आय-एन-जी सोडून तुम्ही एक्स असलेले चार अक्षरी शब्द आठवायला लागता. एरवी मी एक्सकडे बघतही नाही. करून बघा, तीनच खजिने नेता येतात त्यामुळे निवड करावीच लागते.

दुसरा म्हणजे लेटर क्वेस्ट खेळा, २०१४ चा, ग्रिम आणि रोझ असे दोन छोटे यमदूत आहेत. त्याचा सांगाडा तोच आहे पण तिथे राक्षसांच्या अंगावर अटी असतात, म्हणजे ठरावीक लांबीचेच शब्द लागू पडतात असं काहीतरी, त्यामुळे शेपटं चिकटवायची सवय आपोआप मोडते. शब्दाचा अर्थही दाखवतो. पण हां, अर्थावर वार ठरत नाही, तेवढी तुमची तक्रार तिथेही राहणारच.

काना_मात्रा:

@रात्रपाळी मागे काय उरतं ते बघायचं हे मी कधी असं मांडलंच नव्हतं डोक्यात, करत होते पण नकळत. काल रात्री धनुष्य लावून खेळले, झेडचे शब्द शोधताना मजा आली, खूप दिवसांनी शब्द आठवायला कष्ट पडले.

टंकन_प्रेमी:

एपिस्टरी बघा, २०१६ चा. तीन शेपट्यांच्या कोल्ह्यावर बसलेली मुलगी, कागदाचं जग, फार सुंदर आहे दिसायला. शब्द टाईप करून किडे मारायचे.

रात्रपाळी:

@टंकन_प्रेमी एपिस्टरी मलाही आवडतो पण तिथे शब्द गेमच देतो आणि आपण फक्त पटापट टाईप करतो, शोधायचं काही नसतं. यांना कोडं हवंय. बोटांचा गेम आणि डोक्याचा गेम यात फरक आहे.

तळघरातला:

तुम्हाला क्रिप्टमास्टर हवाय. प्रश्न वाचताच मनात हेच नाव आलं आणि अजून कोणी लिहिलं कसं नाही म्हणून लॉगिन करून लिहितोय.

२०२४ मध्ये आला. पूर्ण काळापांढरा, हाताने चितारल्यासारखा, आणि जमिनीखालच्या गुहांमधून एकेक पाऊल पुढे जायचं, जुन्या डंजन क्रॉलरसारखं. तुमचे चार नायक आहेत, चौघंही आधीच मेलेले, एका मांत्रिकाने उठवलेले, आणि त्यांना स्वतःची कुठलीच विद्या आठवत नाही. प्रत्येक विद्येच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी असतात, इतक्या अक्षरांचा शब्द आहे एवढंच कळतं. आता गंमत बघा. वाटेत पेट्या सापडतात, पेटी मांत्रिक उघडतो आणि आत काय आहे ते तुम्हाला दाखवत नाही, तुम्ही त्याला सांगायचं की बघ, हुंग, हात लाव, चाटून बघ, आणि तो वर्णन करतो, त्यावरून वस्तू ओळखायची. तेही मोजक्याच वेळा विचारता येतं. ओळखली की त्या वस्तूच्या नावातली अक्षरं नायकांच्या रिकाम्या चौकटींमध्ये जाऊन बसतात, आणि हळूहळू एखाद्याला आपली विद्या आठवते. मग लढाईत तोच शब्द टाईप केला की तो नायक ती गोष्ट करतो.

म्हणजे इथे शब्द हा वार आहेच पण त्याआधी ती हरवलेली आठवण आहे. अर्धवट अक्षरं बघत तुम्ही विचार करत बसता की हा योद्धा आहे, चार अक्षरी, दुसरं अक्षर अमुक, याला काय बरं येत असेल? आणि इथे अर्थ लागतोच लागतो, कारण योद्ध्याला जे येईल ते गाणाऱ्याला येणार नाही. मला एका नायकाचा शब्द दोन दिवस सुचत नव्हता आणि तिसऱ्या दिवशी अंघोळ करताना सुचला, तसाच ओल्या हाताने येऊन टाईप केला. एखाद्या आरपीजीत लेव्हल वाढल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता कारण ती लेव्हल खरंच माझ्या डोक्यात वाढली होती.

एकच, इंग्रजी बऱ्यापैकी चांगलं लागतं. आणि वेळेचं दडपण नको असेल तर लढाई पाळीपाळीने ठेवायची सोय आहे, ती लावा.

अर्धा_र:

थोडं उशिरा येतोय. हे असंच का बनवतात असं विचारलंय त्यावर लिहितो, मी प्रोग्रॅमर आहे आणि असा एक छोटा गेम स्वतःसाठी बनवायचा प्रयत्न चालू आहे.

लांबी मोजणं कॉम्प्युटरला फुकट आहे हे खरं कारण. शब्दांची यादी ट्राय नावाच्या झाडासारख्या रचनेत ठेवली की शब्द आहे की नाही हे क्षणात कळतं, पण पाणी आगीला विझवतं हे त्या यादीत कुठेच लिहिलेलं नसतं, ते माणसाला एकेका शब्दाशेजारी बसून लिहावं लागतं. हजारो शब्द आणि प्रत्येकाचे गुण, कोण करणार? स्क्रिबलनॉट्सने २००९ मध्ये ते केलं होतं, जी वस्तू लिहाल ती समोर उभी राहते आणि तशीच वागते, पण तो सगळा गेमच त्या शब्दकोशावर उभा होता.

दुर्मिळ अक्षराला जास्त किंमत ही कल्पना मात्र फार जुनी, स्क्रॅबलची. तो खेळ बनवणाऱ्या आल्फ्रेड बट्सने १९३० च्या दशकात वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून ठरवलं कुठलं अक्षर किती वेळा येतं, म्हणून १०० फरशांमध्ये ई १२ आणि क्यू, झेड एकेकच, आणि त्यांना १० गुण. आजचे गेमही त्याच कल्पनेवर चालतात. आरपीजीने त्यात एक फार चांगली भर घातली असं माझं मत आहे, ती म्हणजे लेव्हल. स्क्रॅबलमध्ये ज्याचा शब्दसाठा कमी तो हरतच राहतो, इथे ज्याला मोठे शब्द येत नाहीत तो हळूहळू ताकद वाढवून त्याच राक्षसाला हरवू शकतो.

आता मूळ मुद्दा, मी जो बनवतोय तो मराठीत आहे आणि मराठीत हा प्रश्न एकदम वेगळाच होऊन बसतो. पहिल्यांदा मी प्रत्येक अक्षराची फरशी करायला गेलो, तर नुसती ३४ व्यंजनं गुणिले बाराखडी धरली तरी चारशेच्या वर फरशा, जोडाक्षरं अजून धरलीच नाहीत. १६ फरशांमध्ये त्यातलं काय येणार, शब्दच होईनात. मग नुसती व्यंजनं ठेवली आणि काना, मात्रा, वेलांटी वाटेल ती लावा म्हटलं, तर उलटं झालं, क, म, ल एवढ्यावर कमल, कलम, कमाल, कोमल, कलमी सगळं होतं, फारच सोपं. शेवटी मी मात्राच जादूची शक्ती करून टाकली. म्हणजे व्यंजनं फुकट, पण काना लावायचा तर एक थेंब शक्ती, वेलांटीला दोन, आणि अक्षर अर्धं करून जोडायला तीन.

आणि मग एक दिवस समोर र, क, त आल्या. तीनच फरशा आणि एकच जोडणी परवडणार होती. रक्त. तर्क. तक्र. तिन्ही शब्दांची लांबी एकच, किंमत एकच, आणि अर्थ तिघांचे तीन दिशांना. त्या दिवशी मी ठरवलं की लांबीवर वार मोजायचाच नाही. सध्या साधारण ६०० शब्दांना हाताने गुण लावलेत, रक्ताने जीव भरतो, तर्काने राक्षसाची पुढची चाल दिसते, तक्राने म्हणजे ताकाने विष उतरतं. बाकीच्या शब्दांना साधा वार.

तळघरातला:

रक्त, तर्क, तक्र!! हे वाचून मी पाच मिनिटं नुसता बसलोय.

काना_मात्रा:

@अर्धा_र तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही दिलंत, तुम्ही मला कामाला लावलंत. कालपासून कागदाचे तुकडे कापून मैत्रिणीबरोबर हेच खेळतेय, तिला शब्दखेळ आवडत नाहीत तरी ती उठायला तयार नव्हती.

एक अडचण आली ती विचारते. मराठीत प्रत्यय लावत गेलं की शब्द संपतच नाही. घर झालं, मग घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा. म्हणजे माझं ते आय-एन-जीचं दुखणं इथे दसपट होऊन परत आलं. प्रत्यय बंदच केले तर घर, झाड, दगड एवढंच उरतं आणि भाषा मुकी वाटते. मग आम्ही एक करून बघितलं, प्रत्ययाने वार वाढवायचा नाही, वाराची दिशा बदलायची. म्हणजे 'आग' लिहिलं की नुसती आग पेटते, 'आगीने' लिहिलं की ती हत्यार होते, 'आगीत' लिहिलं की राक्षस तिच्यात पडतो, 'आगीतून' लिहिलं की आपण तिच्यातून बाहेर. तृतीया, सप्तमी, पंचमी, शाळेत पाठ केलेल्या त्या विभक्त्या आणि आता त्यांना काम मिळालं. एका शब्दाला एकच प्रत्यय.

फक्त चतुर्थीचं काय करायचं ते कळत नाहीये. 'आगीला' म्हणजे काय करायचं?

रात्रपाळी:

आगीला देऊन टाकायचं! म्हणजे तुमच्याकडची एखादी फरशी आगीत आहुती द्यायची आणि बदल्यात शक्ती घ्यायची. चतुर्थीचा अर्थच देणं ना, संप्रदान. रोगट फरशी असेल तर तीच द्या.

अर्धा_र:

@रात्रपाळी हे घेतो. आज रात्रीच टाकतो.

@काना_मात्रा एक प्रत्यय ही अट पण घेतो. फक्त 'आगीने' मध्ये ग चं गी होतं, सामान्यरूप, त्या वेलांटीची शक्ती खेळणाऱ्याकडून घ्यायची की नाही? मला वाटतं घेऊ नये, ती प्रत्ययाबरोबर आपोआप आलेली आहे. तुम्ही कागदावर काय केलंत?

काना_मात्रा:

आम्ही घेतली होती, आणि त्यावरूनच भांडण झालं होतं. मैत्रीण म्हणत होती तेच तुम्ही म्हणताय, तिला सांगते.